संहिता, हेतू आणि फासा

अर्थनिर्णयनाविषयीच्या आपल्या चर्चेत एक गोष्ट बहुधा न बोलता गृहीत धरलेली असते: अर्थ कसाही लावला तरी त्यात कोणाचे प्रत्यक्ष काही जात नाही. कवितेतील एखादी प्रतिमा मृत्यूची की मुक्तीची, यावर दोन समीक्षक आयुष्यभर वाद घालू शकतात; त्याने कवितेला बाध येत नाही आणि समीक्षकांनाही. कायद्याची आणि धर्मविधीची गोष्ट निराळी. तेथे वाक्याचा अर्थ ठरला की कोणीतरी काही मिळवतो आणि कोणीतरी काही गमावतो. या दोन प्रांतांच्या सीमेवर एक लहानसा मुलूख आहे, आणि मराठी समीक्षेची वाट तिकडून जाण्याचे तसे कारण नव्हते. चिमुकल्या सैनिकांची सैन्ये टेबलावर मांडून खेळावयाच्या युद्धखेळांची नियमपुस्तके, हा तो मुलूख. तेथे गमावण्याजोगे फार नसते. पण जे असते ते लगेच आणि समोरासमोर गमवावे लागते.

या पुस्तकांशी माझा संबंध आला तो २०१८ च्या उन्हाळ्यात. माझी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्याकडे महिनाभर राहिले, तेव्हा माझा भाचा आणि त्याचा एक इंग्रज मित्र दर रविवारी जेवणाच्या टेबलावर ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ मांडत. १९८७ पासून आवृत्त्या बदलत चालत आलेला हा खेळ. स्वतः रंगवलेले बोटभर उंचीचे सैनिक, अंतर मोजायला इंचांची टेप आणि मूठभर फासे. प्रत्येक खेळाडूच्या पाळीतील मुख्य टप्पे ठरलेले: आधी हालचाल, मग नेमबाजी, मग चढाई आणि हातघाई. नेम लागला की नाही, लागला तर घाव बसला की नाही, बसलेला घाव चिलखताने झेलला की नाही, हे क्रमाक्रमाने फासे टाकून ठरवायचे.

वाद झाला तो दोन वाक्यांवरून. २०१७ च्या आवृत्तीत हालचालीच्या टप्प्यात एखाद्या तुकडीला ‘ॲडव्हान्स’ करता येई. म्हणजे एक फासा टाकून पडेल तितके इंच जास्त धावता येई. त्याचा मोबदला असा, की नेमबाजीच्या टप्प्यात गोळीबारासाठी तुकडी निवडायची वेळ आली म्हणजे धावलेली तुकडी निवडता येत नसे. दुसरीकडे ‘असॉल्ट’ जातीच्या शस्त्रांविषयी नियम होता, की असे शस्त्र बाळगणारा सैनिक धावून आला असला तरी ते चालवू शकतो. नेम तेवढा थोडा बिघडतो. पहिला नियम तुकडीविषयी, दुसरा सैनिकाविषयी. शब्दशः वाचले तर धावलेली तुकडी निवडताच येत नाही. आणि तुकडी निवडली नाही तर तिच्यातील सैनिकावर शस्त्र चालवण्याची वेळच येत नाही. परवानगी आहे, पण तिच्यापर्यंत जाण्याचा दरवाजा बंद आहे.

भाच्याची बाजू पडती होती. मित्राची तुकडी धावून अंगावर आली आणि मित्राने गोळीबारासाठी फासे उचलले, तेव्हा याने पुस्तक उघडले. मला म्हणाला, “मावशी, तू हेच शिकवतेस ना? लेखकाच्या मनात काय होतं ते नाही, समोर काय लिहिलंय ते बघायचं. मग वाच हे.”

या खेळाडूंच्या बोलण्यात ‘लिहिल्याप्रमाणे नियम’ आणि ‘अभिप्रेत नियम’ असा भेद सर्रास केला जातो. विमसॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये लेखकहेतूला समीक्षेच्या उंबरठ्याबाहेर उभे केले, तेव्हापासून आपल्या वर्गांतूनही जवळपास हीच विभागणी चालत आली आहे: एकीकडे संहिता, दुसरीकडे हेतू. परंतु टेबलावरच्या त्या दोन वाक्यांना ही विभागणी पुरी पडत नव्हती. मला मीमांसकांचे स्मरण झाले. वेद अपौरुषेय मानल्यामुळे त्यांना कर्त्याच्या मनात डोकावण्याची सोयच नव्हती. म्हणून ते सुट्या शब्दाला चिकटून बसले असे मात्र नाही. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी प्रमाणांची उतरंड त्यांनी लावली. ज्या अर्थाने एखादे विधिवाक्य निरर्थक ठरते तो अर्थ टाळावा आणि विशेष नियमाने सामान्य नियमाला बाध येतो, हे त्यांच्या विचारात मुरलेले आहे. त्या दृष्टीने पाहता असॉल्ट शस्त्राचे ते वाक्य धावलेल्या सैनिकाखेरीज दुसऱ्या कशाची परवानगी देतच नाही. धावलेल्या सैनिकाला ते लागू होऊ दिले नाही, तर ते पुस्तकात का आहे याचे उत्तर उरत नाही. हे कळण्यासाठी लेखकाला पत्र धाडावे लागत नाही. येथे हेतू कोणाच्या मनात शोधायचा नसून दोन वाक्यांच्या परस्परसंबंधात शोधायचा आहे.

एवढे मी सांगितले, त्यावर भाच्याने विचारले, “म्हणजे शब्द मोजायचेच नाहीत का?” प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर देताना मी त्याच्याच कपाटातले दुसरे पुस्तक घेतले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ चा खेळ ‘चेनमेल’ या १९७१ च्या युद्धखेळाच्या नियमांमधून वाढलेला. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत ‘अटॅक’ म्हणजे वार आणि ‘अटॅक ॲक्शन’ म्हणजे वार करण्यासाठी आपल्या पाळीत खर्च केलेली कृती, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुरलेल्या योद्ध्याला एकाऐवजी दोन वार करता येतात, पण आपल्या पाळीत ती कृती केली तरच. शत्रू जवळून निसटू लागला असता त्याच्यावर संधी साधून केलेला वार हा वार असतो. ती कृती नसते. म्हणून तेथे दुसरा वार मिळत नाही. “वार तो वारच” असे ढोबळ वाचन येथे केले, तर पुस्तकाने आरंभापासून अखेरपर्यंत सांभाळलेला भेद पुसला जातो. एके ठिकाणी शब्दाला चिकटल्याने नियम मरतो, दुसऱ्या ठिकाणी शब्द सोडल्याने मरतो. निकष एकच: पुस्तकाचे सर्व अवयव जिवंत राहावेत.

माझ्या या विवेचनाचा टेबलावर फारसा परिणाम झाला नाही. मित्र इतका वेळ गप्प होता. तो एवढेच म्हणाला, की मागच्या पाळीत भाच्याचीही एक तुकडी धावली होती, नंतर तिने गोळीबारही केला होता, आणि तेव्हा पुस्तक कोणी उघडले नव्हते. भाच्याने क्षणभर टेबलाकडे पाहिले आणि पुस्तक मिटले. खेळ पुढे सुरू झाला.

जे मीमांसेने साधले नाही ते या एका वाक्याने साधले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मित्राने अर्थाविषयी काहीच म्हटले नव्हते. त्याने फक्त एवढे दाखवले, की जो अन्वयार्थ तू माझ्यावर लादतोस तो तू स्वतःवर लादून घेतला नाहीस. अन्वयार्थ योग्य की अयोग्य हा प्रश्न त्याने मागे ठेवला. तो दोघांना सारखा लावला आहे की नाही, हा प्रश्न पुढे आणला.

या प्रश्नाला खेळात इतके बळ का, याचे उत्तर या खेळांच्या इतिहासात सापडते. प्रशियाच्या सैन्यासाठी धाकट्या रायस्वित्झने १८२४ मध्ये जो युद्धखेळ सिद्ध केला, त्यात दोन पक्षांच्या वर एक पंच होता. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा याने तर कोष्टके आणि फासे बाजूला सारून सारा निर्णय पंचाच्या अनुभवावर सोपवला. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. त्याच्या खेळात तोफ खेळण्यातली असली तरी खरोखर उडे. सैनिक पडला की पडला, ते दोघांना दिसे. ‘वॉरहॅमर ४०,०००’ च्या पहिल्या पुस्तकातही पंचासारखा एक सूत्रधार कल्पिलेला होता. पुढे तो गेला. आता पंच नाही आणि डोळ्यांसमोर कोसळणारा पुरावाही नाही. आहेत दोन खेळाडू, ज्यांचे हितसंबंध परस्परविरुद्ध आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक संहिता. २०१७ च्या पुस्तकात यावर तोडगाही दिला होता: एकमत होईना तर दोघांनी फासा टाकावा, आणि ज्याचे दान मोठे त्याने ठरवावे. समीक्षकाला हे धक्कादायक वाटेल. पण अर्थ सापडल्याचा आव फासा आणत नाही. तो निर्णय देतो, अर्थ देत नाही. हा विवेक आपल्या पुष्कळ निर्णायक समीक्षालेखांत आढळत नाही. पुढे २०२० च्या आवृत्तीत वाक्यच बदलण्यात आले: तशी शस्त्रे असलेली तुकडी धावल्यावरही निवडीस पात्र राहील, मात्र चालवील ती तीच शस्त्रे.

स्टॅन्ली फिश याने १९८० च्या आपल्या पुस्तकात अर्थाचा अधिकार वाचकसमुदायाकडे दिला. त्याचा समुदाय समान संकेत मानणाऱ्यांचा असतो. रविवारच्या त्या टेबलावरील समुदायही समान संकेत मानत होता, पण त्यातील प्रत्येक अर्थ एकाच्या लाभाचा आणि दुसऱ्याच्या हानीचा होता. अशा समुदायात अर्थ टिकतो तो केवळ संमतीने नव्हे, तर उलट बाजूनेही तो सोसण्याच्या तयारीने.

कविता म्हणजे नियम नव्हे, हे उघड आहे. अनेकार्थता हा नियमाचा दोष आणि कवितेचे वैभव. तेव्हा समीक्षेत या कसोटीने एकच अर्थ मागायचा नाही; मागायची ती एकच पद्धत. आवडत्या कवीच्या ओळीत विसंगती दिसली की आपल्याकडे तिला ताण म्हणतात, व्यामिश्रता म्हणतात. नावडत्या कवीच्या ओळीत तीच दिसली की शैथिल्य. एका कादंबरीकाराच्या बाबतीत संहितेबाहेर पाहणे निषिद्ध ठरते आणि दुसऱ्याचे चरित्र, जात आणि पत्रव्यवहार पुराव्यात दाखल होतात. आय. ए. रिचर्ड्सने १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ मध्ये कवींची नावे काढून टाकून विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या होत्या. तो उपाय अजूनही उपयोगी आहे. पण नावे झाकून मिळालेली निःपक्षपातिता नावे उघडताच संपण्याची भीती असते. खेळाडूला आपले सैन्य कोणते हे विसरण्याची मुभा नाही. एम.ए.च्या वर्गात आता मी विद्यार्थ्यांना नावे सांगूनच दोन कविता देते, एक त्यांच्या आवडीची आणि एक नावडीची, आणि पहिलीसाठी वापरलेला प्रत्येक निकष दुसरीला लावून दाखवायला सांगते. त्यांतील कितीतरी निकष तेवढ्यावरच मागे घेतले जातात.