नवें यंत्र कीं नवी सुई?

घरांतली एखादी वस्तु कुरकुरूं लागली म्हणजे ती दुरुस्त करून घ्यावी कीं मोडीत काढून दुसरी आणावी, हा प्रश्न गृहस्थाश्रमांत पदोपदीं उभा राहतो. शिवणयंत्र, विहिरीवरचा पंप, भिंतीवरचें घड्याळ यांच्या बाबतींत निकाल बहुधा खिसाच देतो, व तो योग्यहि असतो. परंतु यंदाच्या श्रावण-भाद्रपदांत आमच्या घरीं जो खल चालला होता, त्यांत खिशाचा वांटा थोडा आणि इतर गोष्टींचा फार होता. विषय म्हटला तर क्षुल्लक: तबकड्या, म्हणजे ग्रामोफोनच्या रेकॉर्डी, वाजविण्याचें एक लहानसें यंत्र.

आम्ही राहतों पवनारास. धाम नदीच्या कांठचें हें गांव म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपुर, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. पुढें १९३८ सालीं विनोबाजी येथें राहावयास आले आणि १९८२ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं येथेंच देह ठेविला. अशा अपरिग्रहाच्या भूमींत बसून ऐकण्याच्या चैनीचा काथ्याकूट करणें थोडें विपरीत दिसेल, हें आम्ही जाणतों. पण आमचे येथें प्रश्न नवा परिग्रह करण्याचा नव्हता. जो वारशानें आलेला आहे तो सांभाळण्याचा होता.

आमचे घरीं तबकड्यांच्या दोन पिढ्या आहेत. पहिली आमच्या तीर्थरूपांची: मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या, हातांतून निसटल्या कीं मडक्यासारख्या फुटणाऱ्या. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें. तेवढ्यांत गवयानें राग उभा करावयाचा! यांत मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ग. ना. जोशींच्या आवाजांत आहे. वकिलीचें शिक्षण घेतलेले हे गृहस्थ पुढें ग्रामोफोन कंपनींत ध्वनिमुद्रणाचेंच काम पाहूं लागले. महात्माजींनीं १९३१ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या किंग्सले हॉलमध्यें ईश्वराविषयीं इंग्रजींत केलेलें निवेदनहि त्यांत आहे. दुसरी पिढी आमचे थोरले बंधु कै. दादा यांची: मिनिटास सवातेहतीसाहून किंचित् अधिक फेरे घेणाऱ्या मोठ्या लाँगप्ले तबकड्या. दादा नागपुरास नोकरींत होते. पगार झाला कीं एक तबकडी घरीं यावयाची. गीतरामायण, भीमसेन जोशींची अभंगवाणी, हिराबाई बडोदेकर, असा तो संग्रह वाढत गेला.

दादांच्या मागें हा संग्रह आमच्या वहिनींकडे आला, आणि आतां वहिनी आमच्याजवळ असतात. त्यांचें वय ८४. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या मुलानें, म्हणजे आमच्या पुतण्यानें, पुण्याहून एक पेटीवजा यंत्र पाठविलें. झांकण उघडलें कीं आंत फिरती चकती, बाजूस दांडा, पुढें दोन बारके स्पीकर. तिन्हीं गतींच्या तबकड्या त्यावर वाजत. वहिनींनीं तें आपल्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेविलें, आणि दिवाबत्तीनंतर रोज एक लाँगप्ले दोन्हीं बाजूंनीं ऐकण्याचा त्यांचा नेम सुरू झाला.

बिघाड प्रथम आमच्या कानीं आला. आम्हीं जन्मभर मुलांकडून शुद्ध उच्चार करवून घेतले असल्यामुळें वर्ण बिघडला कीं कान आपोआप टवकारतो. गीतरामायणांतले ऊष्म वर्ण, म्हणजे श, ष, स, हे फुसफुसूं लागले होते. विशेष असें कीं, बाजूच्या आरंभीं 'स' बरा असे आणि शेवटाकडे तो फाटल्यासारखा येई. याचें कारण गणितानें सहज कळतें. लाँगप्लेच्या बाहेरच्या फेऱ्याचा व्यास सुमारें २९ सेंटिमीटर, आंतल्या शेवटच्या फेऱ्याचा सुमारें १२. फेऱ्याला लागणारा वेळ तोच, मात्र खांचेचें अंतर निम्म्याहूनहि कमी. म्हणजे तोच ध्वनि थोडक्या जागेंत दाटीनें कोरलेला असतो. सुईचें टोंक झिजून बोथट झालें असेल तर त्या दाटींत तें शिरूं शकत नाहीं, आणि सर्वांत बारीक कोरीव काम सकाराचें असल्यामुळें तेंच आधीं मारलें जातें.

पुतण्यास फोनवर हें सांगतांच तो हंसून म्हणाला, "काका, तुम्ही सुईची परीक्षा व्याकरणानं घेतलीत!" आणि लगेच गंभीर होऊन त्यानें सांगितलें कीं आतां ही पेटीच बदलावी.

येथून घरांत पक्ष पडले. आमचे चिरंजीव म्हणाले, "एवढीशी सुई बदलून काम भागत असेल तर सबंध यंत्र कशाला? चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!" (ही म्हण शाकाहारी घरांतहि बिनदिक्कत चालते, हा एक चमत्कारच.) सूनबाईंचा तिसरा पक्ष होता: हीं सर्व गाणीं मोबाइलवर फुकट मिळतात, आवाजहि स्वच्छ येतो, मग यंत्रहि नको आणि सुईहि नको. आमची सौ. कोणत्याच पक्षांत नव्हती. तिचें म्हणणें एवढेंच कीं, वहिनींच्या ऐकण्यांत खंड पडूं नये.

पूर्वपक्ष ऐकून घेतल्याविना सिद्धान्त मांडूं नये, हा शास्त्राचा दंडक. म्हणून आम्हीं चिरंजीवांचा पक्ष आधीं तपासला. या पेट्यांत बहुधा कृत्रिम माणकाची किंवा सफायरची सुई असते. तिचें आयुष्य पन्नास तासांच्या आंतबाहेर. वहिनी रोज पाऊण तास ऐकतात. म्हणजे दोन-सव्वादोन महिन्यांत सुई संपली. हिऱ्याची सुई पांचशें ते हजार तास टिकते, म्हणजे रोजच्या पाऊण तासानें पावणेदोन ते साडेतीन वर्षें. लाँगप्लेच्या एका वीस मिनिटांच्या बाजूस सुई चारशें मीटरांहून अधिक, म्हणजे पाव मैलावर चालून जाते. बोथट टोंकानें एवढी वाट रोज खरडीत नेली तर वाट कशी होईल? तेव्हां माणकाऐवजीं हिरा बसविणें ही चिरंजीवांची सूचना अगदीं योग्य होती, आणि पेटी ठेवावयाची असेल तर तेवढें तरी करावयासच हवें होतें.

परंतु पेटींत सुधारण्यासारखें तेवढेंच होतें. दांड्याचा भार पांच-सहा ग्रॅम. चांगल्या यंत्रांत तो दीड ते अडीच ग्रॅमांवर आणतां येतो, कारण दांड्याच्या मागच्या टोंकास फिरवून सरकवितां येणारें वजन असतें. पेटीच्या दांड्यास तें नाहीं. केवळ भारानें तबकडी एका रात्रींत मरते, असें जें भय घातलें जातें तें आम्हांस अतिशयोक्त वाटतें; खरी वैरीण झिजलेली सुईच. तरी पण रोजच्या वाजविण्यांत तिप्पट भार कांहींच करणार नाहीं, असेंहि म्हणवत नाहीं. शिवाय स्पीकर त्याच पेटींत, म्हणजे आवाजाचा कंप फिरून सुईसच हादरवितो.

आणि चाक! सांख्यांनीं कुंभाराच्या चाकाचा दृष्टान्त दिला आहे: कुंभारानें हात काढून घेतला तरी पूर्वीच्या वेगानें चाक फिरतच राहतें. तें फिरतें, कारण तें जड असतें. चांगल्या यंत्राची चकती याच कारणासाठीं धातूची व भारी करतात. मोटारीची लहानसहान ओढाताण ती अंगावर घेते. पेटीची चकती प्लॅस्टिकची, हलकी, आणि तबकडीहून लहान. गति किंचित् ढळली कीं सूर ढळतो. ठेक्याच्या गाण्यांत तें लक्षांतहि येत नाहीं. पण आपल्या संगीतांत षड्ज लांबवून लावलेला असतो, मागें तंबोरा अखंड चाललेला असतो. तेथें तो ढळलेला सूर लपत नाहीं. सुई हिऱ्याची केली तरी चाक तेंच राहणार.

पुतण्याचा पक्ष असा बळकट होत चालला असतां त्यांतलें न्यून एकाएकीं उघडें पडलें. त्यानें सुचविलेलें यंत्र फक्त दोन गतींचें होतें, लाँगप्लेचें आणि ४५ चें. बाजारांतलीं साधीं चांगलीं यंत्रें बहुतेक अशींच असतात. म्हणजे लाँगप्ले वांचल्या आणि तीर्थरूपांच्या तबकड्या कायमच्या मुक्या झाल्या! पेटी हलकी खरी, पण ती ७८ वाजवीत होती. नीट वाजवीत होती असें मात्र नव्हे. जुन्या तबकडीची खांच रुंद; तिला सुमारें ७५ मायक्रॉनचें टोंक लागतें. लाँगप्लेच्या सुईचें टोंक सुमारें १८ मायक्रॉनचें. तें रुंद खांचेंत तळाशीं जाऊन पडतें आणि गाण्यापेक्षां तळची धूळच अधिक वाचतें. पूर्वींच्या चावीच्या ग्रामोफोनांत पोलादी पिन असे, ती प्रत्येक बाजूस बदलावी लागे, आणि डोक्याचा भार शंभर ग्रॅमांहूनहि अधिक असे. लाखेच्या तबकड्या तेवढा भार सोसण्यासाठींच केलेल्या होत्या. त्यांस पेटीच्या भाराचें भय नाहीं, पण चुकीच्या सुईनें त्यांचें बोलणें ऐकूं येत नाहीं. पुतण्यानें पुन्हां शोध केला. एका जपानी कंपनीचें तीन गतींचें यंत्र आढळलें. त्याच्या दांड्याचें डोकें काढघाल करतां येतें, म्हणजे लाँगप्लेसाठीं एक आणि ७८ साठीं दुसरें, अशीं दोन डोकीं ठेवितां येतात. किंमत मात्र पहिल्या यंत्राहून पुष्कळच अधिक.

आतांपर्यंत ज्यांच्यासाठीं हें सर्व चाललें होतें त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. एके दिवशीं दिवाबत्ती झाल्यावर आम्ही वहिनींपाशीं जाऊन बसलों.

"वहिनी, तबकड्या तुमच्या आहेत. यंत्र ठेवायचं कीं बदलायचं, हें तुम्ही सांगा."

त्या थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "भाऊजी, नव्या यंत्राला माझा हात चालेल का? ह्या पेटीचा दांडा मला अंधारात सुद्धा सापडतो."

हा प्रश्न आमच्यापैकीं एकाच्याहि मनांत आला नव्हता. वहिनींचा उजवा हात कांपतो. हलका केलेला दांडा अधिक नाजूक. तो कांपत्या हातांतून तबकडीवर पडला तर एका क्षणांत जें होईल तें जड दांड्यानें वर्षभरांत व्हावयाचें नाहीं. सूनबाई तेथेंच होत्या. त्या म्हणाल्या, "मोठ्या आई, सुई मी ठेवत जाईन. नाहीतर मोबाइलवर लावून देत जाईन."

"लावून देशील ग तू," वहिनी म्हणाल्या, "पण मग मला तुझी वाट पाहावी लागेल."

पुतण्यानें त्या रात्रीं फोनवर आणखी एक तोड सुचविली: सर्व तबकड्यांचें एकदां चांगल्या यंत्रावर ध्वनिमुद्रण करून घ्यावें आणि मूळ तबकड्या नीट गुंडाळून पुढच्या पिढीसाठीं ठेवाव्या. त्यावर वहिनींनीं आमच्याजवळ जें सांगितलें तें असें: "ह्यांनी त्या ऐकायला आणल्या होत्या. कपाटात निजवून कुणासाठी राखायच्या? झिजतील तर झिजू देत. मात्र वाजतील तेव्हां नीट वाजू देत."

यानंतर वाद उरला नाहीं. राहिली ती हाताची अडचण. तिचें उत्तर त्या तीन गतींच्या यंत्रांतच होतें: दांडा उचलण्याची एक लहान कळ असते. कळ वर केली कीं दांडा अधर राहतो, तबकडीवर आणून कळ खालीं केली कीं तो आपोआप, पिसासारखा, सावकाश उतरतो. बोटांनीं सुई ठेवावयाचीच नाहीं. खर्चाचा अर्धा वांटा वहिनींनीं आपल्या पेन्शनींतून हट्टानें दिला, उरलेला पुतण्यानें व आम्हीं मिळून. चुंबकी डोक्याचा आवाज फार क्षीण असतो, त्यास मध्यें एक वर्धक लागतो, तो यंत्रांतच होता; पुढचें काम दादांच्या जुन्या अँप्लिफायरनें आणि स्पीकरांनीं केलें. स्टूल मात्र रद्द झालें. खाटेशेजारच्या भिंतीस शहाबादी फरशीची फळी बसवून घेतली आणि गवंड्याच्या पाणसळीनें ती समपातळींत आणली. चिरंजीवांनीं दांड्याचा भार स्वतः दोन ग्रॅमांवर बसविला; कोंबडी-मसाल्याची म्हण त्यांनीं पुन्हां उच्चारली नाहीं. सूनबाईंनीं कळेच्या टोंकास लाल लोकरीचा गोंडा बांधला, म्हणजे मंद उजेडांत वहिनींस ती दिसावी.

पहिले चार दिवस वहिनी जुन्या संवयीनें दांड्यासच हात घालीत. पांचव्या दिवशीं गोंडा सांपडला. आमच्या कानांपुरतें सांगावयाचें तर 'स' बराचसा परत आला आहे. ज्या तबकड्या बोथट सुईखालीं वारंवार वाजल्या त्यांत शेवटच्या दोन-तीन मिनिटांस फाटका सूर राहिला आहे, आणि तो आतां जाणार नाहीं. वहिनी त्यांच वारंवार लावतात.

जुनी पेटी शेजारच्या एका विद्यार्थ्यास दिली, सुई हिऱ्याची बसवून. ७८ च्या सुईचें दुसरें डोकें अद्यापि आलेलें नाहीं; पुतण्या दिवाळींत येईल तेव्हां आणणार आहे. तोंवर तीर्थरूपांच्या तबकड्या कपाटांत उभ्या लावून ठेविल्या आहेत, कारण आडव्या ठेविल्या तर आमच्या वर्ध्याकडच्या वैशाखांत त्या पापडासारख्या वांकतात. स्पिरिटानें त्या पुसूं नयेत, लाख त्यांत विरघळते, हें सूनबाईंस दोनदां बजावून सांगितलें. पहिली कोणती लावावयाची ती वहिनींनीं आतांच वेगळी काढून ठेविली आहे. कोणती, तें त्या सांगत नाहींत.