दुतोंडी डबी

एसटीच्या ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे आणि गाडी चालायची डावीकडून. त्यामुळे घाटात दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात तेव्हा दोन ड्रायव्हर हाताच्या अंतरावर येतात. तेवढ्या अंतरातून काय काय इकडचं तिकडे व्हायचं, ते कुंभार्ली घाटाखाली वाढलेल्यांना विचारा. ‘हेळवाकला धुकं लई हाय.’ ‘वर ट्रक बंद पडलाय, दमानं जा.’ कुणाच्या घरी द्यायचा निरोप, कुणाची राहिलेली औषधाची बाटली. आणि सगळ्यांत जास्त तंबाखू. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, अशी दोन्हीकडे झाकणं असलेली डबी या खिडकीतून त्या खिडकीत जायची, चिमूट काढून परत यायची. मागे ट्रकवाले हॉर्न बडवत असायचे. इकडे घाई कुणालाच नसायची.

आम्ही अलोऱ्याला राहायचो, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत. मी घाटापलीकडे कराडला शिकायला. आई कुळथाचं पीठ आणि सोड्यांचं कालवण एसटीवर द्यायची. थेट कराडची गाडी चुकली तर डबा पाटणच्या गाडीत बसायचा आणि पाटणच्या स्टँडवर कुणा दुसऱ्याच्या बॉनेटवर चढून कराडला पोचायचा. गरम बॉनेटवर सोड्यांचा वास गाडीभर सुटत असणार. एका शब्दाने कुणी कधी बोललं नाही. फक्त एका कंडक्टरने डबा देताना म्हटलं होतं, ‘पुढच्या वेळी जास्त घालायला सांग की आईला.’

घाटातला ड्रायव्हरांचा एक रिवाज मला लहानपणीच पाठ होता: चढणाऱ्याचा मान पहिला. रस्ता अरुंद असला की उतरणाऱ्याने रुंद वळण गाठून थांबायचं, दिवे मंद करायचे. शेजारून जाताना चढणारा खिडकीतून नुसता पंजा उचलायचा. पुढे १९८९च्या वाहतूक नियमावलीत हे कलम म्हणून लिहिलं गेलं. पण ती माणसं काही कलम वाचून थांबत नव्हती. पहिल्या गिअरवर कण्हत चढणारी भरली गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलताना काय होतं, हे उतरणाऱ्याला ठाऊक असायचं. उद्या सकाळी तोच चढणारा.

१९८६च्या जुलैत, एका दुपारी घरमालकांकडे फोन आला. वडिलांच्या छातीत दुखतंय, चिपळुणात दवाखान्यात ठेवलंय, निघ. मिळाली ती चिपळूणची गाडी धरली आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसलो. मी रडत नव्हतो, पण आरशात काहीतरी दिसलं असावं. कोयनानगरला चहाला गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, मी सांगितलं. कपातला चहा त्याने तसाच ठेवला आणि कंडक्टरला हाक मारली.

कोयनानगरचा पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. त्यातला बराचसा त्या संध्याकाळीच पडतोय असं वाटत होतं. अर्धा घाट उतरलो आणि गाडी उभी राहिली. समोर दरड. लाल माती, दगड, एक आडवं झाड. मातीच्या पलीकडे धुक्यात दोन दिवे तीनदा लागले, विझले. आमच्या ड्रायव्हरनेही तीनदा दिवे दिले, बॅटरी घेतली आणि खाली उतरला.

चिखलाच्या मधोमध ते दोघं भेटले. काचेतून मला दिसलं ते एवढंच: एकाने खिशातून डबी काढली, दुसऱ्याने ती घेतली, चिमूट तळहातावर मळली, वर फुंकर मारली. आगाराला विचारायला तिथे फोन नव्हता. चिमूट गालात जाईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. आमचे प्रवासी पलीकडच्या गाडीत, त्यांचे इकडच्या, आणि दोन्ही गाड्या आल्या वाटेने माघारी. कंडक्टरांनी एकमेकांच्या वे-बिलावर माणसं मांडून घेतली; नवं तिकीट नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. आमच्या कंडक्टरने एका म्हातारीला हाताला धरून नेलं, तिचं गाठोडं ड्रायव्हरच्या डोक्यावर.

मग मला पुढे करून तो दुसऱ्याला म्हणाला, ‘ह्याचा बा दवाखान्यात हाय. स्टँडवर नको, दारात सोड.’

‘बरं,’ तो दुसरा म्हणाला.

पाठीमागे आमची गाडी उलटी, चढावर, रुंद वळणापर्यंत नेण्याचं काम सुरू झालं होतं. कंडक्टर पत्र्यावर थापा मारत ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडत होता. दरीच्या बाजूने, पावसात. ते मी आजही नीट आठवू शकत नाही, पोटात खड्डा पडतो.

बहादूरशेख नाका ओलांडल्यावर, स्टँडच्या अलीकडे, भरलेली एसटी एका गल्लीच्या तोंडाशी थांबली. लाइट गेलेले होते. ड्रायव्हरने गाडीचं नाक थोडं वळवून दिव्यांचा झोत गल्लीत धरला. मी उतरलो तशी त्याने खिडकीतून हाक मारली. हातात ती दुतोंडी डबी.

‘बोलण्याच्या नादात माझ्याच खिशात राहिली बघ. परत जाशील तेव्हा त्याला दे.’

‘नाव काय त्यांचं?’

‘नाव कुठं माहीत आहे? कराडचा आहे. मिशीवाला.’

वडिलांना डॉक्टरांनी वाचवलं, मी नव्हे. पण रात्री त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी पायाशी बसलेलो होतो, आणि पुढची अकरा वर्षं ते येईल त्याला हे सांगत राहिले. ते बसणं त्या दोघांच्या खाती. दोघांचेही आभार मानायचे राहिले. चिखलात सुचलं नाही, गल्लीत वेळ नव्हता.

आठ दिवसांनी घाट मोकळा झाला. डबी रुमालात बांधून मी कराडची गाडी पकडली. ड्रायव्हर अनोळखी, मिशी नसलेला. वर चढताना एक उतरती गाडी वळणावर थांबली, याने पंजा उचलला. कराडला उतरताना मी धीर करून त्याला सगळी हकिकत सांगितली आणि डबी पुढे केली.

त्याने तंबाखूच्या बाजूचं झाकण उघडलं, वास घेतला. एक चिमूट स्वतःसाठी काढली. मग झाकण लावून डबी पुढच्या काचेशी, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवली.

‘मिशीवाले चौघं हायत,’ तो म्हणाला. ‘पण पोचंल.’