नॉटपेड

लहानपणी दारात पोस्टमन नुसता उभा राहिला, पत्र हातात देईना, की समजायचं, नॉटपेड, म्हणजे बिनतिकिटाचं पत्र आलंय. आजी पुटपुटत दुप्पट पैसे मोजायची आणि मग तेच पत्र चारदा वाचून घ्यायची.

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या शिपायांना अशी पत्रं धाडायची रीतसर सवलत होती. पाकिटावर आपलं नाव आणि पलटण लिहायची. पैसे भरायचे घरच्यांनी. १८६२च्या जुलैपासून दर झाला दहा सेंट. शिपायाचा पगार महिना ११ डॉलर, तोही थकलेला.

उत्तरेच्या आरमारानं बंदरं अडवली आणि कागद मिळेनासा झाला. मग भिंतीला डकवायच्या फुलाफुलांच्या कागदाची पाकिटं झाली. आलेलं पाकीट उसवून, उलटं चिकटवून परत धाडलं जाई. पान भरलं तर ते आडवं फिरवायचं आणि लिहिलेल्या ओळींवरूनच नव्या ओळी ओढायच्या. असं पान चटईच्या विणीसारखं दिसतं. वाचताना एक धागा डोळ्यानं धरावा लागतो. सुटला की मक्याच्या भावातून थेट पोरीच्या खोकल्यात.

कारण मजकूर बहुतेक घरचाच. डुकरं थंडी पडल्यावर मार, मीठ मिळालं का, छावणीत गोवर आलाय. लढाई दोन ओळींत उरकलेली.

नॉर्थ कॅरोलिनाच्या विल्यम डॉर्सी पेंडरनं तर १८६१च्या उन्हाळ्यात एका बाईशी थोडी थट्टामस्करी झाल्याचंही बायकोला, फॅनीला, कळवून टाकलं. प्रामाणिक म्हणावा की बावळट? फॅनी फार दुखावली, मग पठ्ठ्या पुढं कितीतरी दिवस मनधरणी करत बसला. पुढं तो मेजर जनरल झाला. २ जुलै १८६३ला गेटिसबर्गला मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला आणि १८ जुलैला, पाय कापूनही, तो गेला. फॅनी तेव्हा पोटुशी होती. त्याची पत्रं तिनं जपली. १९६५ साली त्यांचं पुस्तक निघालं.

अशी पत्रं वाचताना जीव गुंततो हे कबूल करतो. पण मधेच ठेच लागते. गुलाम सगळ्यांकडे नव्हते. ज्यांच्याकडे होते त्यांच्या पत्रात, डुकरं आणि मका यांच्यामध्येच, कुणाला यंदा कुणाच्या शेतावर भाड्यानं द्यायचं तेही येतं. माणसाचं नुसतं नाव, आडनाव नाही. अक्षर तेच, शाई तीच. ‘लाडके’ लिहिणारा हातही तोच.

आणि शेवटी पोरांना पापे, आईला नमस्कार, आपल्या काळ्या माणसांना रामराम. हा रामराम बायकोनं अंगणात जाऊन सांगितला असेल, नसेल. ऐकणाऱ्यानं मान हलवली असेल. त्याचं उत्तर कुठल्याच पेटाऱ्यात सापडत नाही. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत त्याला लिहायला शिकवणं हाच गुन्हा होता.