कानांनी वाचायची गोष्ट

मंडळी, स्मरणिकेत दर वर्षी पाककृती असतात, प्रवासवर्णनं असतात आणि 'आमच्या लहानपणीची दिवाळी' तर असतेच असते. या वर्षी जरा वेगळी वाट धरावी म्हटलं. विषय आहे गूढकथेचा, आणि त्यातही कानांनी ऐकायच्या गूढकथेचा.

हल्ली आपली मुलं कानात इयरफोन खुपसून तासन् तास काय ऐकतात, हा प्रश्न तुम्हालाही पडत असेल. आमची कन्या (वय वर्षे तेरा) 'वेलकम टू नाइट व्हेल' नावाचं पॉडकास्ट ऐकते. जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रेनर या दोघांनी जून २०१२ मध्ये अमेरिकेत ते सुरू केलं. वाळवंटातलं एक छोटं गाव, तिथलं रेडिओ केंद्र आणि शांत आवाजात गावच्या बातम्या देणारा निवेदक. बातम्या मात्र सगळ्या अशक्य कोटीतल्या, आणि त्या सांगायचा सूर असा की जणू उद्या पाणी येणार नाही एवढंच सांगतोय! वर्षभरातच हे पॉडकास्ट तुफान गाजलं. मग २०१५ मध्ये त्यावर कादंबरी आली, २०१७ आणि २०२० मध्ये आणखी दोन आल्या. फिंकने एकट्याने लिहिलेलं 'अ‍ॅलिस इजन्ट डेड' हेही २०१६ मध्ये आधी पॉडकास्ट म्हणून आलं आणि २०१८ मध्ये पुस्तक झालं. म्हणजे आधी आवाज, मग छापील पान.

कन्येला हे सगळं अगदी नवीन वाटतं. मी तिला म्हटलं, "अगं, आपल्याकडे हे कधीच होऊन गेलंय. त्यांचं नाव रत्नाकर मतकरी."

मतकरींचा जन्म मुंबईत १७ नोव्हेंबर १९३८ रोजी झाला. योगायोग बघा, त्याच्या अठराच दिवस आधी अमेरिकेत ऑर्सन वेल्सने 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' हे नभोनाट्य बातमीपत्राच्या थाटात सादर केलं होतं आणि मंगळावरून स्वारी झाली, असं काही श्रोत्यांना खरंच वाटलं होतं. मतकरींचं पाऊलही आधी रेडिओवरच पडलं. 'वेडी माणसं' ही त्यांची एकांकिका १९५५ मध्ये मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा ते जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते.

पुढे अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते बँक ऑफ इंडियात लागले आणि १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं, त्यांनी ती नोकरी केली. त्याच काळात १९६२ मध्ये पत्नी प्रतिभाताईंबरोबर 'बालनाट्य' ही संस्था काढली, 'अलबत्या गलबत्या' लिहिलं, 'आरण्यक' लिहिलं आणि गूढकथाही लिहिल्या. 'क्लायंट मीटिंगमुळे पुस्तक हातात घ्यायला वेळ मिळत नाही' असं म्हणणाऱ्या माझ्यासारख्या आयटीवाल्याने हा हिशोब फार वेळ बघू नये हेच बरं.

गूढकथा आणि भयकथा या एक नव्हेत, असं मतकरी आवर्जून सांगत. नारायण धारपांच्या जगात दुष्ट शक्ती बाहेरून येते आणि तिच्याशी सामना करायला समर्थांसारखा कुणीतरी असतो. मतकरींकडे बहुतेक वेळा माणूस साधा असतो, नोकरदार, कुटुंबवत्सल, तुमच्या-आमच्यासारखा. एखादा छोटासा तपशील जागचा हलतो आणि रोजचं जग अनोळखी होऊन जातं. त्यांच्या संग्रहांची नावं आठवा: 'खेकडा', 'निजधाम', 'कबंध', 'रंगांधळा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'ऐक... टोले पडताहेत'. शेवटच्या दोन नावांत तर आवाजच आहेत. कागदावर लिहितानाही या लेखकाचा कान जागा होता. त्यांच्या कथांवरची 'गहिरे पाणी' ही मालिका अल्फा मराठीवर लागायची, ती आपल्यापैकी अनेकांनी उशी पोटाशी धरून पाहिली असेल.

गूढ गोष्ट ऐकताना जास्त का भिववते? माझ्या मते कारण सोपं आहे. पडद्यावर भूत दिसलं की ते दिग्दर्शकाचं असतं. ऐकलेलं भूत आपण स्वतः घडवतो, आपल्याच घरातला अंधार वापरून. २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटाचं बीजही असंच कानावाटे आलं. राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची एक गोष्ट तोंडी सांगितली. ती त्यांच्या मनातून गेली नाही, आणि पंचवीस वर्षांनी पडद्यावर आली.

आता जरा आमच्या घरची गोष्ट. आम्ही राहतो अल मनखूलमध्ये. खाली रात्री एक वाजतासुद्धा हॉर्न वाजत असतात, कॅफेटेरियावाला चहा देत असतो. इथे भुताला यायचंच असेल, तर आधी पार्किंग मिळवावं लागेल! कन्येची शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाची, दुसरी भाषा फ्रेंच. मराठी कळते, बोलता येते, वाचता येत नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरातली मराठी म्हणजे 'जेवायला ये', 'दप्तर भर', 'आजीशी बोल'. मनातलं काही बोलायचं असलं, की गाडी रूळ बदलते आणि इंग्रजी सुरू होते. तुमच्याकडेही थोडंफार असंच असेल.

गेल्या उन्हाळ्यापासून शुक्रवारी रात्री मी तिला मतकरींची एकेक गोष्ट वाचून दाखवू लागलो. इथे वीज जात नाही, म्हणून दिवे आम्हीच घालवतो. एक छोटा दिवा तेवढा माझ्या पुस्तकापाशी. सुरुवातीला दर चार ओळींना "बाबा, म्हणजे काय?" चालायचं. आजी व्हिडिओ कॉलवरून कोकणातला चकवा, मुंजा सांगते, त्याने ती फारशी घाबरत नाही. विहीर आणि पिंपळ तिने पाहिलेत कुठे? पण ऑफिसातून दमून घरी आलेला माणूस, बंद दार, आतून येणारा ओळखीचा आवाज, एवढं तिला पुरतं. हे तिचंही जग आहे.

एका रात्री गोष्ट संपली आणि ती बराच वेळ गप्प बसली. मग अंधारातच म्हणाली, "बाबा, त्याला ते सगळं खरंच दिसलं, की एकटा होता म्हणून दिसलं?" अख्खं वाक्य मराठीत. भीती, एकटेपणा, खरं-खोटं यांबद्दल तिने मला मराठीत विचारलेला तो पहिला प्रश्न. आम्ही अर्धा तास बोललो, आणि गाडीने रूळ बदलला नाही.

मंडळी, मला यात एक धोका दिसतो आणि एक वाटही दिसते. धोका असा, की इथल्या अनेक घरांत मराठी पुस्तक वाचू शकणारी शेवटची पिढी आपण आहोत. आपल्यानंतर त्या कपाटाला कुणी हात लावणार नाही. वाट अशी, की मुलांच्या डोळ्यांना देवनागरी अनोळखी असली, तरी कान अजून मराठी आहेत. आणि ही पिढी ऐकणारी आहे, हे त्या नाइट व्हेलने सिद्ध केलंच आहे. भाषा शिकवायला बसलो तर मुलं पळतात, गोष्ट सांगायला बसलो तर जवळ सरकतात.

मतकरी १७ मे २०२० रोजी, ऐन लॉकडाउनमध्ये, कोरोनाने गेले. वय एक्याऐंशी. त्यांनी ज्या मुलांसाठी नाटकं केली, त्यांतली कितीतरी आज आपल्या मंडळात आई-बाबा म्हणून वावरत असतील.

म्हणून एक सूचना. महिन्यातून एक संध्याकाळ मंडळाने गोष्टी ऐकण्यासाठी ठेवावी. स्टेज नको, माइक नको, बक्षिसं तर नकोतच. पुस्तकं माझ्याकडे आहेत, वाचणारे आपल्यात भरपूर आहेत. चहा-चिवड्याचं कार्यकारिणीने बघावं, आणि दिवे घालवायचं काम बच्चेकंपनीकडे द्यावं. ते काम त्यांना फार आवडतं.