कोवळ्या पाठीवरचें खोगीर

दोन वर्षांचें शिंगरूं उंचीनें घोड्याएवढें दिसूं लागतें, आणि आतां त्यास दौडवावें असें धन्याला वाटतें. परंतु उंची म्हणजे बळ नव्हे. त्याच्या पाठीच्या कण्याचीं हाडें पक्कीं होण्यास ५-६ वर्षें लागतात. म्हणून जाणता चाबुकस्वार आरंभीं फार थोडें मागतो : अंगाला हात लावूं द्यावा, खूर उचलूं द्यावा, दोरीबरोबर चालावें. मग लगाम, मग रिकामें खोगीर. आणि पुढें हलका स्वार, तोहि थोडाच वेळ. थकलेलें जनावर शिकत नाहीं, केवळ सोसतें.

ख्रिस्तापूर्वीं चौथ्या शतकांत झेनोफन या ग्रीक सेनानीनें अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोड्याशीं रागाच्या भरांत कधीं वागूं नये, असें त्यांत त्यानें बजाविलें आहे. वर्गांत पाऊल टाकतांना मला त्याचें पुष्कळदां स्मरण होतें.

मुलानें सर्वांच्या पुढें धांवावें म्हणून अधीर झालेले पालक भेटतात, तेव्हां मला तें शिंगरूं आठवतें. घाईनें लादलेल्या ओझ्याचा परिणाम त्याच दिवशीं दिसत नाहीं. पुढें ऐन उमेदींत पाय लंगडूं लागतो.

मात्र विद्यार्थ्यांनों, यांत आळसाला सवलत नाहीं. ठाणावर नुसतें बांधून ठेवलेलें शिंगरूंहि दुबळें राहतें. रोजच्या बेताच्या चालीनेंच त्याचीं हाडें बळकट होतात.