पाचोळ्यातले शिकारी

आंबोली, 6 जुलै

सकाळी पावसाने थोडी उघडीप दिली. तेवढ्यात जांभळींच्या रानातला पाचोळा चाळून आणला. वरची पानं मी बाजूला सारतो. हवा असतो तो खालचा थर, काळा, दमट, बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेला. कापडी पिशवीतून तो खोलीवर आणून नरसाळ्यातल्या जाळीवर पसरला, वर बल्ब लावला, खाली अल्कोहोलची बाटली. इटलीच्या अंतोनिओ बेर्लेसे यांनी 1905 मध्ये नरसाळ्याभोवती गरम पाणी ठेवून ही युक्ती काढली. 1918 मध्ये स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी पाण्याच्या जागी दिवा आणला. पाचोळा वरून सुकत जातो, ओलाव्याला सोकावलेले जीव खाली सरकत राहतात आणि शेवटी बाटलीत पडतात. रात्रभर वीज टिकावी एवढंच आता.

8 जुलै

वीज गेली-आली, पण काम झालं. बशीत नेहमीप्रमाणे माइट आणि स्प्रिंगटेल यांचीच गर्दी. त्यांच्यात एक तांबूस ठिपका वेगळा दिसला. नुसत्या डोळ्यांना मुंगीच वाटावी, इतकी बारीक मान आणि मागे फुगीर अंग. मायक्रोस्कोपखाली घेतल्यावर भुंगेरा निघाला. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. अंगभर सोनेरी लव, छातीच्या कडांना जाड राठ केस. मिशांचे अकरा मणके, त्यांपैकी टोकाचे चार एकदम जाड. तोंडाजवळच्या स्पर्शकाचा तिसरा खंड फुगलेला आणि त्याच्या टोकावर चौथा सुईच्या अणीएवढा. बहुधा युकॉनस ही प्रजाती. जाती सांगायची तर नराचं जननेंद्रिय वेगळं काढून तपासावं लागेल. ते काम दिवसाउजेडी करायचं.

इंग्रजीत यांना मुंगीसारखे दगडी भुंगेरे म्हणतात. आपल्याकडे त्यांना नाव नाही, कारण ते कुणाच्या वाटेला जात नाहीत.

9 जुलै

दिवसभर धो धो. भाची सुट्टीला आली आहे, प्राणिशास्त्र शिकते. दगडी भुंगेऱ्यांच्या माझ्या जुन्या डब्यावर ‘सिडमेनिडी’ अशी चिठ्ठी आहे आणि नव्या चिठ्ठ्यांवर ‘स्टॅफिलिनिडी’. तिने विचारलं, “मामा, मग हे कुळ गेलं कुठं?”

प्रश्न मनापासून आवडला. लात्रेय यांनी 1802 मध्ये सिडमेनस ही प्रजाती मांडली, विल्यम लीच यांनी 1815 मध्ये तिच्यावरून कुळ उभं केलं, आणि ते जवळपास दोनशे वर्षं टिकलं. टिकण्याचं कारण सरळ होतं. स्टॅफिलिनिडी कुळातल्या भुंगेऱ्यांचे पुढचे जाड पंख आखूड असतात, पोट उघडं राहतं. (पावसाळ्यात दिव्याला येऊन कातडीवर चिरडली की फोड आणणारी ‘अ‍ॅसिड फ्लाय’, म्हणजे पेडेरस, त्याच कुळातली.) दगडी भुंगेऱ्यांचे पंख मात्र पोट पूर्ण झाकतात. वरवर पाहणारा दोघांना एका घरात घालणार नाही.

2009 मध्ये वासिली ग्रेबेन्निकोव्ह आणि आल्फ्रेड न्यूटन यांनी प्रौढांची आणि अळ्यांची मिळून दोनशेहून अधिक लक्षणं एकत्र मांडून तपासली. दगडी भुंगेरे स्टॅफिलिनिडीच्या शेजारी नव्हे, तर थेट आत जाऊन बसले. सर्वांत जवळचे आप्त निघाले स्टेनस आणि त्याचे भाऊबंद. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी सिडमेनिडीला निरोप दिला. तेव्हापासून ते सिडमेनिनी हे उपकुळ. त्याआधी 1995 मध्ये न्यूटन आणि मार्गारेट थेअर यांनी सेलाफिडी कुळाचंही असंच केलं होतं.

भाचीला ही नावांची खटपट वाटली. मला तसं वाटत नाही. स्टॅफिलिनिडी आता साठ हजारांवर जातींचं झालं आहे, हाताळायला अवघड आहे, हे खरं. पण आतला एक गट उचलून बाहेर ठेवला, तर मागे उरलेल्या गोतावळ्याला काही अर्थ उरत नाही. त्यांचा समान पूर्वज तोच आणि वंशजांतले काही मात्र वगळलेले. वर्गीकरणाने नातं सांगावं. सोय हवी असेल तर डब्यांना क्रमांक द्यावेत.

म्यानमारच्या सुमारे 9.9 कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्येही दगडी भुंगेरे अडकलेले सापडले आहेत, म्हणजे उपकुळ झाले म्हणून ते कालपरवाचे नव्हेत.

11 जुलै

हिरण्यकेशीच्या काठावर ओल्या वाळूत स्टेनस दिसला. डोळे टपोरे, अंग काळं. तो स्प्रिंगटेल कसा पकडतो हे वाचून माहीत होतं: खालचा ओठ रक्तदाबाच्या जोरावर क्षणात पुढे फेकतो, टोकाच्या चिकट गाद्यांना सावज चिकटतं आणि ओठ मागे येतो. पाण्यात पडला तर शेपटाकडच्या ग्रंथींतून द्रव सोडून पृष्ठभागावरून सरकत काठ गाठतो.

त्याच्या दगडी आप्तांपैकी युरोपातला सेफेनियम हाही खालच्या ओठाचाच उपयोग करतो, पण वेगळ्या कामासाठी. त्याचं भक्ष्य म्हणजे ओरिबॅटिड माइट, चिलखत घातल्यासारखे टणक. दात लावायला गेलं की गुळगुळीत गोळा निसटतो. सेफेनियमच्या ओठावर चक्क चोषक आहेत. त्यांनी माइट धरून ठेवायचा, जबड्यांनी कवच खरवडत राहायचं, बारीक भोक पडलं की पाचकरस आत सोडायचा आणि विरघळलेला गर शहाळ्यासारखा ओढून घ्यायचा. या खरवडण्यात तासच्या तास जातात. एवढ्याशा जिवाची ही चिकाटी वाचताना मी दर वेळी थांबतो.

एकाच अवयवाची ही दोन रूपं. पण चोषक आणि चिकट गाद्या एकाच मुळातून आल्या, असं एवढ्यावरून म्हणायचा मोह आवरायला हवा. नातं ठरलं ते शेकडो लक्षणांच्या बेरजेवर, एका ओठावर नाही.

14 जुलै

नर तपासला. प्रजाती युकॉनस पक्की. जातीपाशी अडलो, कारण जुळवून पाहायला नमुना हाताशी नाही. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, जांभळीचा पाचोळा आणि ‘सिडमेनिनी’ एवढंच लिहिलं.

भाचीने आता स्वतः काम मागून घेतलं आहे. बहुतेक जातींच्या अळ्या अजून कुणी पाहिलेल्याच नाहीत, आणि नातं ठरवताना अळ्याही तेवढ्याच बोलक्या ठरल्या होत्या, हे तिच्या डोक्यात बसलं. म्हणून यापुढे बाटलीत अल्कोहोल नाही, ओला टिपकागद. छोट्या डबीच्या तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिस आणि कोळशाची पूड मिसळून थर ओतला आहे; तो ओलावा धरून ठेवतो आणि काळ्या तळावर फिकट अळी दिसते. जिवंत भुंगेरे आणि भरपूर माइट एकत्र सोडायचे, झाकण लावायचं, रोज पाहायचं. अंडी मिळाली तर प्रौढाशी अळीची सांगड आपोआप बसेल. उद्या सकाळी पुन्हा जांभळींच्या रानात जायचं, पाऊस असला तरी.