"पिशवी काढून टाका" म्हणण्याआधी



माझ्या ओपीडीत एक वाक्य महिन्यातून तीन-चार वेळा तरी कानावर येतं. "मॅडम, पिशवी काढून टाका एकदाची."

गेल्या पावसाळ्यात एक ताई आल्या होत्या. वय ३६. सोबत सासूबाई, हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट. "पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल असं सांगितलंय. जाऊबाईंनी पण काढली. दोन लेकरं झाली, ऑपरेशन झालं, आता ठेवून करायचं काय?" खर्चासाठी दोन शेळ्या विकायचं घरात ठरलंही होतं.

मी विचारलं, पाळी किती दिवस जाते? आठ-नऊ दिवस. पॅड दर तासा-दीड तासाला बदलावं लागतं, गाठी पडतात. जिना चढताना धाप लागते. हिमोग्लोबिन कधी तपासलं होतं? ते कुणी तपासलंच नव्हतं. तपासलं तर ७.४ निघालं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. या ताई ७.४ वर रोज शेतात जात होत्या, घरी येऊन स्वयंपाक करत होत्या.

त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, हे लिहिते आहे. कारण त्यांना घाबरवणारे जे शब्द रिपोर्टात होते, तेच तुमच्याही रिपोर्टात असू शकतात.

रिपोर्टातले घाबरवणारे शब्द

"पिशवीला सूज" म्हणजे बहुतेक वेळा गर्भाशयाचा आकार थोडा मोठा दिसतो, एवढंच. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईत तो मोठा असणं स्वाभाविक आहे. केवळ त्या शब्दावरून ऑपरेशन ठरत नाही.

"तोंडाला जखम" ही बहुतेकदा जखम नसतेच. पिशवीच्या तोंडाच्या आतलं नाजूक, लालसर आवरण बाहेरच्या बाजूला आलेलं असतं. हार्मोन्समुळे असं होतं आणि त्याचा कॅन्सर होत नाही. मात्र तपासणीत लालसर भाग दिसला तर एकदा पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही तपासणी करून घ्यावी आणि शंका मिटवावी. तिशीनंतर ही तपासणी तशीही ठरावीक वर्षांनी प्रत्येकीने करायलाच हवी.

"फायब्रॉईड" म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंच्या गाठी. त्या फार जणींना असतात आणि जवळजवळ नेहमीच कॅन्सरच्या नसतात. त्रास देत नसतील तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. पाळी बंद झाल्यावर त्या बहुधा आकसतात.

अंगावरून पांढरं जाणं

दोन पाळ्यांच्या मध्यावर अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा चिकट, वास नसलेला स्राव जाणं हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण आहे. दह्यासारखा स्राव आणि खाज असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. माशासारखा वास येत असेल तर जंतूंचा समतोल बिघडलेला असतो. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असेल तर बहुधा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर त्रास पुन्हा सुरू होतो. यातलं काहीही गोळ्या-औषधांनी बरं होतं. त्यासाठी पिशवी काढत नाहीत. आणि डेटॉलसारख्या औषधी पाण्याने आतून धुऊ नका, त्याने त्रास वाढतो.

अंगावरून जास्त जाणं

पाळी आठ दिवसांहून जास्त चालली, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागलं, मोठ्या गाठी पडल्या किंवा रात्री उठून कपडे बदलावे लागले, तर ते अंगावर काढू नका. कारण शोधता येतं. आधी गरोदरपणाची तपासणी, हिमोग्लोबिन, थायरॉईड, सोनोग्राफी. पंचेचाळिशीनंतर, किंवा वजन आणि साखर जास्त असेल तर त्याआधीही, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासावा लागतो.

उपचारही पायरीपायरीने असतात. लोहाच्या गोळ्या, पाळीच्या दिवसांतच घ्यायची रक्तस्राव कमी करणारी गोळी, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोन असलेली तांबी, फक्त गाठ काढणं, आणि मग शेवटी पिशवी काढणं. हार्मोनची तांबी एकदा बसवली की काही वर्षं काम करते, आणि पुष्कळ जणींचं ऑपरेशन तिच्यामुळे टळतं. कुणाला काय चालेल हे डॉक्टर ठरवतील. ज्यांच्या रक्तवाहिनीत पूर्वी गुठळी झाली होती त्यांनी ते आवर्जून सांगावं.

माझ्या आईची फाईल

हे सगळं मी इतकं तळमळीने का सांगते? माझ्या आईची पिशवी ती ३७ वर्षांची असताना काढली. मी तेव्हा नववीत होते. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले होते, आणि हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं. अडतिसाव्या वर्षी तिला थंडीतही घाम फुटायचा, रात्ररात्र झोप नसायची. घरात सगळे म्हणायचे, हिचा स्वभाव बदलला. बावन्नाव्या वर्षी मोरीत पाय घसरला आणि मनगट मोडलं. तपासलं तर हाडं ठिसूळ झालेली होती.

एमडी करताना मी तिची जुनी फाईल काढून वाचली. गाठ नव्हती. कॅन्सर नव्हता. निदानापुढे "सूज" एवढंच लिहिलं होतं. मी आईला विचारलं, तू काही विचारलं नाहीस? ती म्हणाली, "असं विचारायचं असतं, हे तरी कुणाला ठाऊक होतं?"

आईसारख्या बायका किती असतील, याची झलक महाराष्ट्राने २०१९ मध्ये पाहिली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या प्रश्नावर सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढल्याचं पाहणीत आढळलं. फडात ना संडास ना पाणी, खाडा झाला की पैसे कापले जाणार, मुकादमाची उचल डोक्यावर. अशा वेळी पाळीच नको असं वाटलं तर बाईचं काय चुकलं? पण तिला दुसरा रस्ता आहे हे सांगणं आमचं काम होतं.

ऑपरेशन वाईट आहे का?

मुळीच नाही. कॅन्सर असेल, अंग बाहेर येत असेल, गाठी फार मोठ्या असतील, किंवा बाकी उपाय करूनही रक्तस्राव थांबत नसेल, तर पिशवी काढणंच योग्य. आणि पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा. मी स्वतः ही ऑपरेशनं करते. फक्त सही करण्याआधी एवढं विचारा:

१. माझा नेमका आजार काय आहे?
२. ऑपरेशनशिवाय कोणता उपाय आहे? तो करून पाहिला का?
३. बीजकोश काढणार की ठेवणार? का?
४. काढलेल्या पिशवीचा तपासणी रिपोर्ट मला मिळेल ना?

तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

त्या ताईंची गाठ दोन सेंटिमीटरची होती आणि थायरॉईडचा त्रास निघाला. थायरॉईडची गोळी, लोह आणि पाळीतली औषधं सुरू केली. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झालं, पाळी पाच दिवसांवर आली. शेळ्या गोठ्यातच राहिल्या. त्या दिवशी जाता जाता दारातून वळून त्यांनी विचारलं, "मॅडम, मग आमच्या जाऊबाईंचं काय? त्यांची तर एकतिसाव्या वर्षीच काढली."

मी म्हटलं, त्यांना घेऊन या. कागद असतील ते सगळे आणा. ज्यांचे बीजकोश पंचेचाळिशीच्या आत काढले आहेत त्यांना काही वर्षं हार्मोनचं औषध देता येतं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोजचं चालणं, हाडांची आणि रक्तदाबाची तपासणी, हे सगळं अजूनही करता येतं. पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर कॅन्सरची तपासणीही चालू ठेवावी लागते.

पुढच्या सोमवारी जाऊबाई आल्या. फाईल सापडली नव्हती, पण त्या आल्या. तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर तिलाही घेऊन या.